पुढच्या गाडीचा शेवटचा आकडा

यंदाही पेटी निघाली. चर्चच्या वेस्ट्रीतल्या, म्हणजे झगे ठेवायच्या खोलीतल्या, कपाटामागून दोघांनी ती ओढून काढली तेव्हा फरशीवर तोच जुना कर्कश आवाज झाला आणि आवारातल्या निंबाखाली पापड लाटत बसलेल्या बायांनी माना वर केल्या. धुळ्यात फेब्रुवारी सरता सरता ऊन एकदम दारात येऊन उभं राहतं. सकाळी शाल, दुपारी पंखा. उडदाच्या पिठाचा वास, निंबाच्या वाळक्या पानांचे ढीग, पलीकडच्या शाळेत परीक्षेसाठी घोकणाऱ्या मुलांचा एकसुरी गलका, हे सगळं एकत्र आलं की कॅलेंडर न बघताही मला कळतं, राखेचा बुधवार आला. आता ईस्टरपर्यंत उपवासकाळ.

मी इथल्या मंडळीची पाळक. लोक मला पाळकबाई म्हणतात, घाईत असले की नुसतंच बाई. चर्चच्या मागे दोन खोल्यांचं पाळकघर आहे. त्यात मी, एक कूलर आणि एक मांजर राहतो. मांजर माझं आहे असं मला वाटतं, मांजराला तसं वाटत नाही.

ही पेटीची रीत आमच्याच मंडळीत आहे. बाहेरच्या पाळकांना सांगितलं तर ते हसतात. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्याला सोडवत नाही अशी एक वस्तू आणून या लोखंडी पेटीत ठेवायची, पेटीला कुलूप लावायचं, आणि ईस्टरच्या सकाळी उपासना झाल्यावर सगळ्यांसमोर ते उघडायचं. तंबाखूच्या डब्या येतात, टीव्हीचे रिमोट येतात, पत्त्यांचा कॅट, एखादी लिपस्टिक. एका वर्षी एका आजोबांनी मटणाचा मोह नको म्हणून आपली कवळीच ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यांची सून गुपचूप कवळी न्यायला आली, कारण आजोबांना भाकरीही चावेना.

यंदा मी पेटीत माझा चहाचा मोठा कप ठेवला. सोपं काहीतरी. गेल्या वर्षी मी फाशांची पिशवी ठेवली होती. ती आता पुस्तकांच्या फळीवर आहे, तिच्यावर धूळ बसते, मी पुसते. ज्याच्याशी खेळायला कोणी नाही तो खेळ सोडण्यात कसला आलाय त्याग.

हे फासे सोंगट्यांचे नव्हेत. चार बाजूंच्या फाशापासून वीस बाजूंच्या फाशापर्यंत सगळे त्या पिशवीत आहेत. धर्मशिक्षणाच्या कॉलेजात होते तेव्हा ऐन परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहातल्या एका मैत्रिणीनं हा खेळ आणला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. सांगणारी म्हणते, समोर दरी आहे, पूल मोडलाय, मागून कोणी येतंय. मग विचारते, तू काय करतेस? तू म्हणतेस, उडी मारते. फासा पडतो, आणि उडी जमली की फसली ते तो फासा सांगतो. एवढाच खेळ. आम्ही चौघी मेसच्या टेबलावर पहाटेपर्यंत खेळायचो आणि सकाळी हिब्रू क्रियापदांच्या पेपरात डुलक्या काढायचो. सांगणारी नेहमी मी असायचे. आता त्या तिघी तीन दिशांना आहेत. आमचा मोबाईलवरचा गट फक्त नाताळात जागा होतो.

मला हे सगळंच आवडतं. आकाशयानं, दूरचे ग्रह, चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं, बोटाएवढे योद्धे आणून त्यांना बारीक ब्रशनं रंगवणं. कपाटात पहिल्या रांगेत शास्त्रावरची भाष्यं आहेत, त्यांच्या मागच्या रांगेत कॉमिक्स. रविवारी पांढऱ्या झग्याच्या आत कधी कधी रॉकेटचं चित्र असलेला काळा टी-शर्ट असतो, आणि आशीर्वाद देताना मला ते आठवलं की फार बरं वाटतं. कुरियरवाला खोकं हलवून विचारतो, बाई, आत काय खडखडतं? एकदा मी खिडकीत रंग वाळायला एक पंखवाला ड्रॅगन ठेवला होता. स्त्रीसभेच्या मनोरमाअक्का आल्या, चष्मा वर करून बघत राहिल्या आणि हा सैतान का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही अक्का, मोठी पाल आहे. मग झाडू का मारत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

लपवत होते असं नाही, पण सांगतही नव्हते. एकदा उपदेशात हिंमत करून मी एका आकाशयानाची गोष्ट सांगितली. वाट चुकलेलं यान, आणि त्याला रोज एकच संदेश पाठवत राहणारं दूरचं केंद्र. मला वाटलं, कृपा म्हणजे काय ते यापेक्षा सोपं करून सांगताच येणार नाही. उपासना संपल्यावर एका भाऊंनी दारात थांबवून विचारलं की ही गोष्ट कोणत्या अध्यायात आहे, घरी जाऊन वाचतो. दुसरीकडे, मोबाईलवर काही जणांशी ओळख झाली होती, रविवारी दुपारी आम्ही एकत्र खेळायचो. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं आणि मी पडदा ओढून एका परक्या ग्रहावर असायचे. एक दिवस बोलता बोलता मी चर्चमध्ये पाळक आहे हे निघालं. कोणी वाईट बोललं नाही. फक्त सगळे नीट बोलायला लागले. शिव्या बंद झाल्या, थट्टा बंद झाली, आणि महिन्याभरात खेळही.

जळगावला एका इंजिनिअरिंग कॉलेजात असल्या हौशी लोकांचा मेळा भरतो असं कळलं तेव्हा मी सकाळची बस पकडून गेले. पोरंपोरी पुठ्ठ्याची चिलखतं घालून फिरत होती, कोणाच्या डोक्याला शिंगं, कोणाच्या पाठीला पंख. उन्हात त्यांचे रंग वितळत होते. मी सुती साडीत. मला इतका आनंद झाला होता की कोणाशी बोलावं आणि काय बोलावं ते सुचेना. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी अदबीनं म्हणाली, मॅडम, पालकांसाठी खुर्च्या तिकडे आहेत. मी जाऊन तिकडे बसले. एरंडोलच्या एका बाईंनी मला केळ्याचे वेफर्स दिले आणि माझा मुलगा कुठल्या वर्षाला आहे ते विचारलं.

तर गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी मी ती पिशवी पेटीत ठेवली. पेटीची किल्ली शिमोन नानांकडे असायची. नाना मंडळीचे पंच, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं तोलून मापून. आदल्या पावसाळ्यात त्यांची बायको गेली, मालनकाकू. तेव्हापासून नाना चर्चला येत होते, हिशेबानं सगळी कामं करत होते, पण गीताला तोंड उघडत नव्हते. मी कितीदा घरी गेले, प्रार्थना केली. ते आमेन म्हणायचे आणि चहा टाकायला उठायचे. काकू कशा गेल्या, काय झालं, एक अक्षर नाही.

पेटीत हात घालताना पिशवी खडखडली. नानांनी विचारलं, काय शे? मी म्हटलं, माझा खेळ आहे. त्यांनी मान हलवली आणि कुलूप लावलं.

दर गुरुवारी दुपारी मी नरडाण्याला जाते. तिथल्या कारखान्यांत काम करणारी आमची काही कुटुंबं आहेत, त्यांच्यापैकी एकाच्या घरी संध्याकाळची प्रार्थना असते. पाळकासोबत एक पंच असावा म्हणून नाना यायचे. त्यांच्यामुळे बसमध्ये नेहमी पुढचं बाक मिळायचं, जिथून समोरच्या काचेतून आग्रा रोड सरळ दिसतो. रुमाल नाहीतर पिशवी टाकून जागा धरणाऱ्यांवर त्यांचा फार राग. आयुष्यभर त्यांच्याशीच भांडले होते. म्हणायचे, "सीट मानूससाठे शे, पिशवीसाठे नही."

उपवासकाळाच्या पहिल्याच गुरुवारी नगाव मागे पडल्यावर त्यांनी अचानक विचारलं की तो खेळ कसला. मी सांगितलं. घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं, कारण कितीतरी वर्षांनी कोणी विचारलं होतं. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की फासे पेटीत आहेत हे खरं, पण गोष्ट तर पेटीत नाही. मी म्हटलं, फाशांशिवाय जमलं की फसलं ते ठरणार कसं? नानांनी समोरच्या काचेकडे बोट केलं. एक ट्रक चालला होता, मागे एवढा मोठा नंबर. त्याचा शेवटचा आकडा घ्यायचा, ते म्हणाले. पाचाच्या वर असला तर जमलं, नाहीतर फसलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे आकडा वाचायचं काम माझं.

माझ्या गोष्टीतला ग्रह कॉलेजपासूनचा आहे. त्याला दोन सूर्य आहेत, एक मावळतो तेव्हा दुसरा उगवतो, नद्या आटल्यात, आणि उरलेलं पाणी फार दूर आहे. "म्हणजे धुळंच ना," नाना म्हणाले. मी हसले. मग मी त्यांना सांगितलं की तुम्हाला या गोष्टीत कोणीही होता येईल, योद्धा, जादूगार, यानाचा कप्तान, म्हातारा, तरुण. सोनगीरचा किल्ला आला तेव्हा नाना म्हणाले, "मंग मी मालन."

मला वाटलं होतं ते बस चालवणारा वगैरे कोणी होतील. मी खेळाच्या रीतीप्रमाणे विचारलं, बरं, मालन काय करते? आणि नानांनी सांगायला सुरुवात केली. ती एकदम निघणार नाही. आधी भाकऱ्या बांधून घेईल, मिरचीचा ठेचा घेईल, चूल विझली का बघेल, दाराला कडी लावेल, दहा पावलं जाईल आणि कडी लागली का बघायला परत येईल. आम्ही नरडाण्याला पोचलो तेव्हा मालन अजून अंगणातच होती.

त्या गुरुवारांची मला आता फार आठवण येते. काचेतून येणारं ऊन, बसच्या पत्र्याचा थरथराट, कापलेल्या दादर ज्वारीचा वास, शेतात उभ्या केलेल्या पेंढ्या, आणि दोन सूर्यांखालून चाललेली मालन. वाटेत तिला लोखंडी उंट भेटला, गंजून बसलेला. तिनं केसांचं तेल काढून त्याच्या गुडघ्यांना लावलं. पुढे केळीचा ट्रक होता, आकडा आठ, उंट उठला. चोर भेटले तर तिनं आधी त्यांना जेवलात का विचारलं. पुढच्या टँकरचा आकडा दोन निघाला, चोरांनी भाकऱ्याही नेल्या आणि घोंगडीही. नाना त्या टँकरवाल्यावर असे चिडले की कंडक्टरनं मागे वळून पाहिलं. मालनकाकूंना मी तीन-चार वर्षं ओळखत होते, पण त्यांची ओळख मला त्या बसमध्ये झाली. त्या गेल्यानंतर.

मला झोप लागेनाशी झाली हेही खरं. गेलेल्या माणसाच्या तोंडून बोलणं आमच्या विश्वासात बसत नाही. मी ज्याला खेळ म्हणते त्यात एका शोकातल्या माणसाला ओढून मी काय करते आहे? त्याला आधार देते आहे की त्याचं दुःख माझ्या करमणुकीला वापरते आहे, हे मला कोणाला विचारता येईना. आजारी माणूस पाळकाला बोलावतो, भांडलेलं जोडपं पाळकाला बोलावतं. पाळकाला पाळक नसतो. मी प्रार्थनेत विचारलं, तिथूनही लगेच उत्तर येतं असं नाही. पण दर गुरुवारी स्टँडवर नाना माझ्याआधी पोचलेले असायचे, टोपी नवी धुतलेली, आणि मला बघताच म्हणायचे, चला, ती उन्हात उभी शे.

ईस्टर जवळ आला तशी मालन शेवटच्या वाहत्या नदीजवळ आली. पाणी दिसायला लागलं. गोष्ट सोपी संपू नये म्हणून मी काठावर एक पहारेकरी उभा केला, पोलादी, माझ्या जुन्या खेळातला आवडता. त्याला एकच वाक्य येतं. मी आवाज जाड करून ते म्हटलं, "आत्ता पाणी नाही. वरून हुकूम नाही." आणि हौसेनं विचारलं, मालन काय करते?

मला वाटलं नाना युक्ती शोधताहेत. एका फाट्यावर बस थांबली, दोन माणसं उतरली, दोन चढली. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ती पानी मांगे. मी दिधं नही."

मग त्यांनी सांगितलं. शेवटचे दिवस दवाखान्यात, पोटाचं ऑपरेशन झालेलं, तोंडानं पाण्याचा थेंब द्यायचा नाही अशी ताकीद. काकू रात्रंदिवस पाणी मागत होत्या. नाना ओल्या कापसानं त्यांचे ओठ पुसत होते आणि उद्या देऊ म्हणत होते, कारण डॉक्टरनं बरं व्हायचं असेल तर नको असं सांगितलं होतं. ते उद्या आलंच नाही. नियम पाळणारा माणूस, त्यानं नियम पाळला. आणि त्या पावसाळ्यापासून घरात माठाजवळ गेला की त्याला तो आवाज ऐकू येत होता.

मी पाळक आहे. अशा वेळी काय बोलायचं ते मला शिकवलेलं आहे. मी नुसता त्यांचा हात धरून बसले, आणि मनात त्या पोलादी पहारेकऱ्याला शिव्या घालत राहिले, ज्याला मीच उभा केला होता.

पुढचा आठवडा मी त्याच विचारात काढला. पहारेकऱ्याला पुसून टाकावं? पण या खेळात एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, आणि नानांनी ते चालवूनही घेतलं नसतं. फुकट प्रवास त्यांना कधीच खपला नाही. दुसरा मार्ग सोपा होता. आकडा मीच वाचणार होते. पुढे कुठलीही गाडी असो, मी नऊ म्हटलं तर नऊ. नानांना कळणार नव्हतं. रविवारी मंडळीसमोर उभी राहून खरं बोला म्हणणारी मी, गुरुवारी एका म्हाताऱ्याशी खोटं बोलण्याची तयारी करत होते, आणि त्याच वेळी मला हेही वाटत होतं की खोट्या आकड्यानं मिळालेलं पाणी तिच्या घशाखाली उतरणार नाही. बसमध्ये चढले तेव्हाही माझं ठरलं नव्हतं.

तो उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशीचा गुरुवार. ऊन इतकं की डांबर चकाकत होतं. नाना खोकले आणि म्हणाले, मालन त्याला म्हणते, बाबा, मी लांबून आले, तुझा हुकूम येईपर्यंत माझा जीव राहणार नाही. मी म्हटलं, आता पुढे जी गाडी दिसेल तिचा आकडा. आणि आम्ही दोघं काचेतून बघू लागलो.

वळणापलीकडे एक ट्रॅक्टर होता, मागे कडब्यानं भरलेली ट्रॉली. कडबा दोन्ही बाजूंनी असा ओघळला होता की चाकंही दिसत नव्हती. आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला.

"नंबर काय शे?" नानांनी विचारलं.

"नंबर नाही, नाना."

त्यांनी मान पुढे काढून डोळे बारीक केले. कडब्याचा पिवळा ढीग त्यांनाही दिसत असावा. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसता एक लाल फडका बांधलेला. आता नियम काय, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की नंबर नसला तर काय, हे आपण ठरवलंच नव्हतं. मग मला जे एकच विचारता येतं तेच मी विचारलं. मालन काय करते?

"पानी पेस," नाना म्हणाले. ओंजळ तोंडाशी नेत पुन्हा म्हणाले, "मालन पानी पेस."

मग त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली आणि नरडाणा येईपर्यंत ती तशीच धरून ठेवली. ट्रॉली आमच्या पुढे चालत राहिली आणि कडब्याच्या काड्या काचेवर येऊन पडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी, उत्तम शुक्रवारी, भर दुपारी तीन तासांची उपासना असते. प्रभूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. ‘मला तहान लागली आहे’ हा उद्गार वर्षानुवर्षं नानांकडे. तुम्ही नका बोलू असं मी सुचवलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. पंख्यांच्या घरघरीत ते उभे राहिले. म्हणाले की त्या दिवशी वधस्तंभापाशी ज्या बाया होत्या त्यांना पाणी देता आलं नाही, पण त्या तिथून हलल्या नाहीत. मग घरच्या बोलीत म्हणाले, "मी बी तठेच उभा व्हतू." आणि बसले. नंतरच्या गीताला त्यांचा आवाज होता. फाटका, सुरात नसलेला. पण होता.

ईस्टरला पेटी उघडली. नाना एकेक वस्तू वर धरत होते, जो तो येऊन नेत होता. मग माझी निळी पिशवी निघाली. नानांनी ती सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि सांगितलं, "बाईना खेळ शे. मी बी खेळेल शे." इतकी वर्षं मी ज्या क्षणाला घाबरत होते तो हा. मनोरमाअक्कांनी विचारलं, कोण जिंकलं? नाना म्हणाले, यात कोणी जिंकत नसतं. "मग काय उपयोग," अक्का म्हणाल्या, आणि सगळे अंडी आणि केक वाटायला बाहेर गेले. झालं. ना कोणी रागावलं, ना कोणी पुढे काही विचारलं. कोणी रागावेल याची तयारी मी केली होती. कोणी विचारणारच नाही याची केली नव्हती.

मे महिन्यात नानांच्या मुलानं त्यांना सुरतला नेलं. एकटे किती दिवस राहणार, तिथे डोळ्यांचं ऑपरेशनही होईल. मुलाचं बरोबरच होतं. धुळ्याच्या स्टँडवर मी त्यांना पोचवायला गेले. खिडकीतून त्यांनी पेटीची किल्ली माझ्या हातात दिली.

तेव्हापासून गुरुवारी मी एकटी जाते. नवे पंच मोटारसायकलनं परस्पर पोचतात. पुढचं बाक मला अजूनही मिळतं, कंडक्टर नानांच्या ओळखीनं देतात. खिडकीशी मी, आणि शेजारी माझी पिशवी. त्यात प्रभूभोजनाचा प्याला असतो आणि एखादं कॉमिक. कोणी चढलं आणि विचारलं तर मी म्हणते, येतंय कोणीतरी. मे महिन्यापासून मी हे म्हणते आहे. पुढच्या गाड्यांचे शेवटचे आकडे डोळे आपोआप वाचतात. चार. सात. शून्य. कशाचे ते माहीत नाही.

परवाच्या गुरुवारी, उपवासकाळाच्या पहिल्याच, नगाव गेल्यावर फोन वाजला. सुरतहून नाना. सूनबाई कधीतरी लावून देतात. आता डोळ्यांना स्वच्छ दिसतं म्हणाले, गॅलरीतून समोरच्या रस्त्यावरचे नंबर वाचता येतात, पण कशासाठी वाचायचे. पेटीत काय ठेवलं ते विचारलं. मी कप म्हटल्यावर हसले, आणि फासे कुठे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, फळीवर आहेत. मग माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, नाना, मी आयुष्यभर सगळ्यांना विचारत आले, तू काय करतेस, तुम्ही काय करता. मला कोणी विचारत नाही. मी फार एकटी पडले आहे.

पलीकडे नानांनी घसा साफ केला. जुना कंडक्टरचा आवाज लागला.

"ऐक," ते म्हणाले. "दोन सूर्य शेतस. एक बस चालनी. बसमा एक पोर शे, एकलीच. आते सांग, तू काय करस?"

नाना मला कधी तू म्हणाले नव्हते. मी उत्तर जुळवत होते, आणि सोनगीरच्या अलीकडे नेहमी जाते तशी रेंज गेली. मी हॅलो हॅलो केलं. फोन गप्प. हातात तसाच धरून बसले.

फाट्यावर बस थांबली. डोक्यावर कुरडयांची पाटी घेतलेली एक बाई चढली, घामानं डबडबलेली. मागे बघितलं, पुढे बघितलं, आणि माझ्या बाकाशी येऊन उभी राहिली.

"आठे कोनी बसेल शे का?" तिनं विचारलं.

मी फोन खाली ठेवला, पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकले.